आईला दिलेल्या सूचना

स्वित्झर्लंडच्या रेल्वेत समोरच्या आजीबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि उकडलेलं अंडं सोलून निवांत खाल्लं. वास आमच्यापर्यंत आला, पण कुणी मान वळवली नाही.

निघताना आईच्या बॅगेतून दशम्या आणि लसणाची चटणी मीच काढून ठेवली होती. "तिकडे गाडीत असलं खात नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही," असं बजावलंही होतं. नियम कसले, मला तिची लाज वाटत होती.

"इथं चालतं वाटतं," आई हळूच म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

वळणावर बर्फाचा डोंगर एकदम समोर आला. आईनं माझा हात घट्ट धरला आणि ती कुजबुजली, "मोठ्यानं 'अगं बाई' म्हटलं तर चालेल का रे?"