बाजेवरचे सोपानराव

"उकळलेलं पाणी एक बाळंतिणीला, न्हाईतर मढ्याला," असं सोजराबाई एकदा म्हणाली, आणि तिथून तिच्या नवऱ्याचे, सोपानरावांचे, हाल सुरू झाले.

पवनेचा पूर पिंपळे गुरवातून नुकता ओसरला होता. घरात गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा सोजराबाईनं त्याची खणानारळानं ओटी भरली होती. माहेरवाशीणच घरी आली म्हणायची! ही माहेरवाशीण जाताना गावाचा उकिरडा आणि एक मेलेली कोंबडी विहिरीत सोडून गेली, त्यावर मात्र सोजराबाई अवाक्षर काढीना.

शेजारच्या रहिमाबीचा मुलगा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. तो सांगे म्हणून ती पाणी उकळून पिई.

"आक्का, कच्चं पाणी नका पिऊ. गावात हगवण लागलीय," ती कुडावरून म्हणाली.

"पवनामाईचं पाणी तू मला शिकिवतीस व्हय? माझ्या घरात कोण बाळातीण हाय का मढं हाय?"

सोपानराव तेव्हा तांब्या घेऊन सकाळपासून सहाव्यांदा ओढ्याकडं निघाले होते. त्यांना या वादात पडायचं होतं, पण थांबायला सवड नव्हती.

दोन दिवसांत त्यांचे गाल आत गेले, पाय लटपटू लागले. बायकोचा शब्द चाळीस वर्षांत मोडला नव्हता. बाजेवर पडून आढ्याकडं बघत ते तिचं वाक्य घोळवत राहिले. तिनं दोनच वाटा ठेवल्या होत्या, आणि त्यातली एक आपल्या पायांनी जवळ येत होती.

संध्याकाळी सोजराबाई विहिरीवरून हंडा घेऊन आली. बघते तर सोपानरावांच्या डोक्याला तिचंच जुनं लुगडं गच्च बांधलेलं, कानांत कापसाचे बोळे, उशाशी विळा.

"ह्ये काय सोंग काढलंय?"

"बाळातीण हाय मी. सव्वा महिना उठायची न्हाई."

"आन् ह्या मिशा?"

"असू दे मिशा. उकळलेलं पाणी दे. आज न्हाई दिलंस, तर उद्या तुझ्या त्या दुसऱ्यासाठी तापवावं लागंल."

सोजराबाईला हसू फुटलं. हसता हसता तिनं त्यांच्या पायाला हात लावला, आणि हात तिथंच राहिला. पाय गार पडले होते.

तिनं भरला हंडा अंगणात पालथा केला. घरातल्या गोवऱ्यांचा पुरात चिखल झाला होता. कोरड्या गोवऱ्या होत्या त्या फक्त रहिमाबीच्या माळ्यावर. सोजराबाईनं रिकामी पाटी काखेत मारली, पदर डोक्यावर ओढला आणि उंबऱ्याबाहेर पडली.