आईचं मशीन आणि सुर्ल्याचा फीडर

डॉक्टर म्हणाले, "सीओपीडी." म्हणजे फुप्फुसांतल्या वाटा कायमच्या अरुंद होणं. आईने जन्मभर चुलीपुढे धूर खाल्ला, त्याचं हे फळ. घरी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं मशीन आलं. "भरलेला सिलिंडरही जवळ ठेवा," डॉक्टरांनी बजावलं. मी मनात हसलो. डिचोलीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर मीच, लाईट माझ्याच हातात.

गावंच्या गावं चालतील एवढी वीज साठवून ठेवता येत नाही. लोक जेवढी ओढतात तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. ओढ वाढली की फ्रिक्वेन्सीचा काटा पन्नास हर्ट्झच्या खाली घसरतो, वरून फोन येतो, "लोड कमी करा." मग पाळीप्रमाणे एकेका भागाचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, बंद करायची. आमच्या गावाची पाळी आली की मी ती गुपचूप शेजारच्या सुर्ला गावावर ढकलायचो. सहा महिने ढकलली.

त्या दिवशी सुर्ल्याला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. आईला आणि मशीनला सकाळी मीच जीपमध्ये चढवलं. दुपारी काटा घसरला, फोन आला. पाळी आमची. सवयीने हात सुर्ल्याचा फीडर तोडणाऱ्या ब्रेकरवर गेला.

थोड्या वेळाने बहिणीचा फोन. "दादा, लायट गेली. आईचे ओंठ निळे पडले."

हॉस्पिटलात पाच दिवस बायपॅप, म्हणजे तोंडावर मास्क लावून दाबाने श्वास देणारं यंत्र. डॉक्टर म्हणाले, "रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलाय. सिलिंडर नव्हता का?" घेतलाच नव्हता, मी सांगितलं. बाहेरच्या बाकावर बहीण मलाच धीर देत होती, ते जास्त लागलं.

सहाव्या दिवशी मास्क निघाला. मी आईला सगळं सांगितलं. सुर्ल्याच्या लोकांना का, एवढंच तिने विचारलं.

"पाळी आमची आसली न्हय रे? मगे तेंका कित्याक?"

घरात असं मशीन असेल तर सिलिंडर भरून ठेवा, वीज ऑफिसात नाव कळवा. कुणाच्या ओळखीवर विसंबू नका, माझ्यासारख्याच्या तर नकोच. त्या सहा महिन्यांत सुर्ल्यात आणखी कुणाच्या घरी मशीन होतं का? विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.

आता आमची पाळी आली की मी आधी घरी फोन लावतो.

"आई, आज आपली."

सिलिंडरची चावी फिरल्याचा आवाज येतो. मग तिचा. "लायट काड रे."

मी आमचा ब्रेकर पाडतो.