काकूचा बहावा
कृषी केंद्रात तणनाशकाचा उग्र वास नाकात शिरला की मला आमच्या पडवीतली बहाव्याची रोपं आठवतात. काकूनं मेहकरहून येताना बहाव्याच्या काळ्या शेंगा उचलून आणल्या होत्या. चिकट गरातून बिया सोडवून तिनं त्या दगडावर घासल्या, रात्रभर गरम पाण्यात ठेवल्या आणि बीटी कपाशीच्या रिकाम्या पाकिटांना खाली भोकं पाडून त्यांत लावल्या. अकरा उगवल्या. काकूला मूलबाळ नव्हतं; रोज सकाळी ती त्या पाकिटांशी बोलायची. आठ दिवस माहेरी जाताना मला म्हणाली, "पाणी तेवढं देजो बाप्पा." मी तेव्हा कॉलेजात होतो, वावरातली फवारणी माझ्याकडेच असायची. पाणी मी दिलं, पण तणनाशक कालवायच्या बादलीनंच, आणि तीही धड न विसळता. काकू परतली तेव्हा सगळ्या रोपांनी पिवळं पडून माना टाकल्या होत्या. आई तिला म्हणाली, "तुया हाताले यशच नाही वं. काही जगतच नाही तुयापाशी." काकूनं एका पाकिटातली माती उचलून हुंगली. कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहत राहिलो. "हाव बाई," ती आईला म्हणाली, "नाहीच माया हाताले यश." त्यानंतर तिनं कधी बी लावलं नाही. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आई अजून आल्यागेल्याला तिच्या त्या हाताची गोष्ट सांगते, आणि मी समोर बसून चहा पितो.