न तडकणारे काळे गोटे

कराडच्या कॉलेजात डॉ. शेवंताताई गडदे आम्हाला प्राचीन इतिहास शिकवायला आल्या, तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक भाजून तडकलेला दगड ठेवला आणि हा कुठला असेल, असे विचारले. मी ऐटीत सांगितले, गुऱ्हाळाच्या चुलवाणातला. वर्ग हसला; ताई हसल्या नाहीत. जाळ बरोबर ओळखलास, आता चूल शोधायला चल, म्हणाल्या. तेव्हापासून मी त्यांच्या मागे आहे. आज त्यांच्या पंचाहत्तरीला हे लिहिताना ऊर भरून येतो.

आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या ताईंनी उमेदीची वर्षे स्कॉटलंडच्याही उत्तरेच्या एका बेटावर उत्खननात घालवली. तिथे टेकाडावर हजारो वर्षांपूर्वीच्या दफनांचे मातीचे उंचवटे आहेत आणि खाली ओढ्याकाठी जळक्या, फुटक्या दगडांचे ढीग. हे ढीग जुन्या रांधपाचे, असे ताईंचे म्हणणे. दगड तापवून पाण्याच्या कुंडात सोडायचे, पाणी उकळले की मांस शिजवायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी मलाही मदतीला नेले. पहिल्या सकाळी मी तिथे कुडकुडत होतो, तर ताईंनी स्वतःची घोंगडी माझ्या अंगावर टाकली आणि दिवसभर वारा खात उभ्या राहिल्या.

सगळ्यात मोठा ढीग ज्याच्या रानात होता, तो शेतकरी ढीग उपसून गोठ्याच्या चिखलवाटेत भर घालायला निघाला होता. त्याच्या मते ते आजोबांनी शेतातून वेचून टाकलेले दगड. जमीन त्याची, अडवणार कोण? बांधावर भांडून काही मिळत नाही, हे ताईंना गावाकडूनच ठाऊक. त्यांनी त्याला त्याच्याच रानात जेवायला बोलावले.

कुंड खणले, फरश्या बसवल्या, दगड तापवून पाण्यात सोडले. कराडहून नेलेल्या कांदा-लसूण मसाल्यात मटण झकास शिजले. शेतकरी बोटे चाटत जेवला. मग कुंडातले दगड उचलून शांतपणे म्हणाला, यातला एकही फुटलेला नाही, असे दगड कोण टाकून देईल? मग ढिगातले फुटके दगड रांधपाचे कसे? ट्रॅक्टर समोरच उभा होता.

ताईंनी एक गोटा हातात फिरवला आणि खो खो हसल्या. समुद्रकाठच्या सगळ्या दगडांतून त्यांनी नेमके काळे, जड गोटे निवडले होते. मेंढरांमागे फिरताना त्यांचे वडील असलेच गोटे तापवून आमटीत सोडत; ते कधी तडकत नसत.

“आरं, बापाच्या सवयीनं आपल्याकडच्यावानीच दगड वेचलं म्यां,” त्या मला म्हणाल्या. “हितल्या मान्सांनी ह्या रानातलाच दगड वापरला आसंल. त्यो आन.”

ही चूक त्यांनी शेतकऱ्यालाही जशीच्या तशी सांगितली. विद्वानांत हा गुण फार थोड्यांना असतो.

रानातला वाळूचा दगड तापवून पाण्यात सोडला, तसा ताडकन फुटला. शेतकऱ्याने तो तुकडा ढिगातल्या तुकड्याशेजारी धरला. तोच रंग, तसाच तडा.

“वर निजल्यात ती हितं जेवल्याती,” टेकाडाकडे बघत ताई म्हणाल्या आणि मग तेच त्याला त्याच्या भाषेत सांगितले.

ट्रॅक्टर माघारी गेला. ढिगाला कुंपण घातले, तेही त्यानेच. आता बेटावरच्या शाळेतली मुले तिथे दगड तापवून फोडून बघतात. सांगली-साताऱ्याच्या मातीतल्या बाईने हे जिंकले, याचा आम्हाला केवढा तोरा आहे!

सत्काराच्या दिवशी आम्ही विद्यार्थी कृष्णाकाठी तसेच कुंड करून रांधणार आहोत. ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आयुष्य उदंड होवो. दगड तुम्हीच निवडायचे, आणि या वेळी काळेच निवडा. ते पुढच्या वर्षी लागतील, त्याच्या पुढच्याही, आणि तुमच्या शंभरीच्या मटणालाही.