विहीणबाईंना नवी मुंबई दाखवताना

विहीणबाई जपानहून चैत्रात आल्या, त्या सुनेला बाळंतपणासाठी घेऊन जायला. हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. विषय घरात होता, बोलण्यात नव्हता. सुनेला सातवा महिना लागला होता. आठवा लागला की विमानाचा प्रवास अवघड होतो, एवढं मलाही माहीत होतं. म्हणजे जे काही ठरायचं ते त्यांच्या या मुक्कामातच ठरणार होतं, आणि माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं. बाळ नेरूळलाच जन्माला येईल.

माझी भीती साधी होती. तिकडं गेलेली सून परत येईल याची मला खात्री नव्हती. मुलगा दोन वर्षं जपानला नोकरीला होता, तिथंच दोघांचं जमलं. तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर ती इकडं राहायला आली, याचंच मला नवल वाटलं होतं. एकदा बाळ तिकडं जन्मलं, त्या आजीच्या अंगाखांद्यावर रुळलं, की मुलगाही मागोमाग जाणार. मग आम्ही दोघं नवरा-बायको फ्लॅटमध्ये व्हिडिओ कॉलची वाट बघत बसणार. आमच्या सोसायटीत अशी निम्मी घरं आहेत.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी सुनेच्या तोंडून एक इच्छा सांगितली. त्यांना शहर चालत बघायचं होतं. टोकियोजवळच्या एका उपनगरात त्या एकट्या राहतात. वसंत आला की तिथली माणसं म्हणे डबा घेऊन निघतात आणि दिवसभर गावातच चालतात. एक बाग, मग दुसरी बाग, मध्ये एखादं जुनं देऊळ, कुठल्या तरी सरदाराला पुरलं ते गवताचं टेकाड, नदीचा काठ. दरवर्षी तेच बघतात आणि दरवर्षी खूश होऊन घरी येतात.

"हितल्या बी बागा आणि जुन्या जागा बघायच्या म्हंती," सून म्हणाली.

सुनेच्या मराठीबद्दल सांगायला हवं. माझी सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. सून आली तेव्हा मी मोठ्या हौसेनं तिला शिकवायला बसले. पण तिच्यात रुजलं ते माझ्या नवऱ्याचं मराठी. ते साताऱ्याकडचे, उभी हयात एपीएमसी मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोण्या उचलण्यात घालवलेली. निवृत्त झाल्यावर गप्पा मारायला त्यांना घरात तीच सापडली. आता ती आमच्याकडच्या रीतीनं मला आत्या म्हणते आणि भाजीवाल्याशी 'आरं बाबा' म्हणून भाव करते. ते त्या आठवड्यात गावच्या जत्रेला गेले होते. दोन विहिणींच्या मध्ये सापडायला नको म्हणून यंदा देवाची ओढ त्यांना जरा जास्तच लागली होती.

बागांचं ठीक होतं. जुन्या जागा कुठून आणायच्या? मुलाला विचारलं तर तो हसला. "जुनं? नवी मुंबईत? आई, टेन्शन नको घेऊ. मॉलमध्ये ने."

मी टेन्शन घेतलं. हे शहर चांगलं आहे, इथं बाळ जन्माला यायला काही हरकत नाही, हे विहीणबाईंना न बोलता पटवायची ही एकच संधी होती.

ऊन चढायच्या आत आम्ही तिघी निघालो. सुनेला डॉक्टरांनी चालायला सांगितलंच होतं. विहीणबाईंनी डोक्यावर टोपी, हातात पांढरे मोजे, वर छत्री आणि पाठीवर डब्याची पिशवी असा जामानिमा केला होता. मी पंजाबी ड्रेस आणि मुलानं आणलेले बूट घातले होते. वॉचमन आमच्याकडं बघून उगाचच उभा राहिला.

पहिली बाग आमच्या घरामागचीच. लाफ्टर क्लबचे आजोबा हात वर करून हसत होते. विहीणबाई थांबल्या. कुठला विनोद झाला ते त्यांना कळायला हवं होतं. मी म्हटलं, "विनोद नाही, डॉक्टरांनी सांगितलंय." सुनेनं ते सांगितल्यावर त्या तोंडावर मोजा धरून खरंच हसल्या. जॉगिंग ट्रॅकवर सोनमोहराच्या फुलांचा पिवळा सडा पडला होता आणि झाडूवाली बाई तो गोळा करत होती. त्यांच्याकडं पाकळ्या गळायला लागल्या की त्या बघायलासुद्धा माणसं येतात, असं कळलं. आमच्याकडं सडा दोन दिवस राहिला तर तक्रार जाते, हे मी सांगितलं नाही.

सोसायटीतल्या एक बाई समोरून आल्या. त्यांनी विहीणबाईंना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "न्यायला आल्या वाटतं?"

"छे, फिरायला आल्यात," मी म्हटलं आणि चालू लागले.

त्या वाटेवर मी तीनदा हॉस्पिटल दाखवलं. झाडांच्या पलीकडं त्याची पांढरी इमारत दिसते. घरापासून रिक्षानं पाच मिनिटं. विहीणबाई झाडांकडं बघत होत्या तशाच आदरानं हॉस्पिटलकडंही बघत होत्या. मात्र फूटपाथवरची फरशी जिथं जिथं उखडली होती तिथं तिथं त्या लेकीचा दंड धरत होत्या. गटाराचं झाकण वाजलं तरी धरत होत्या. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, गेला आमचा एक मार्क.

जुनी जागा म्हणून मी त्यांना नेरूळ गावात नेलं. सेक्टर संपतात आणि एकदम गल्ली बारीक होते. एकाला एक चिकटलेली चार-चार मजली घरं, आणि त्यांच्या मध्ये गावदेवीचं देऊळ. शहर आलं त्याच्या कितीतरी आधीपासून देवी तिथं आहे. विहीणबाईंनी मोजे काढले, चपला नीट जोडून ठेवल्या, देवीसमोर दोनदा टाळी वाजवून वाकल्या. देवळाच्या ओट्यावर गावातली एक म्हातारी बसली होती. तिनं टाळ्या ऐकल्या आणि मान हलवली. देवीला चालतं म्हणाली.

"कुठशी आयली गो ही?" तिनं मला विचारलं.

"जपानहून. माझी विहीण. आणि ही सून."

म्हातारीनं सुनेच्या पोटाकडं बघितलं. "पयला हाय?"

"हो."

"मंग आयशी न्यायला आयली. बरा झाला. पयला बालतपन आयशीकरंच व्हवाला पायजे."

मी घाईनं म्हटलं, "मावशी, लांब आहे हो. विमानानं जावं लागतं."

"मंग काय झाला? आमी होरीन बसून जायचो. मना सातवा व्हता, भर भरतीला होरीन बसवला नं पाठवला म्हायेरा." तिनं हात करून दाखवलं. जिकडं आता टॉवर उभे आहेत तिकडं तिची होडी लागायची.

मी सुनेला खूण करणार तेवढ्यात तिनं ते सगळं आईला सांगून टाकलं, होडीसकट. विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्या म्हातारीच्या शेजारी ओट्यावरच बसल्या आणि भराभर बोलायला लागल्या.

"आई म्हंती, आमच्याकडं बी असंच हाय," सून म्हणाली. "पयलं बाळंतपण आईकडं. आदी जायाचं, बाळ झाल्यावर बी म्हयनाभर ऱ्हायाचं. त्याला आमच्यात एक शब्द बी हाय."

म्हातारी म्हणाली, "आसनारच." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मला वाटलं. माहेर ही गोष्ट फक्त आपल्याकडं असते, हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत जात नाही, असं मी वर्षानुवर्षं वर्गात छाती फुगवून सांगितलं होतं. जपानमध्ये बायका हॉस्पिटलात जातात, बाळंत होतात आणि आपल्या पायांनी घरी येतात, असं माझ्या डोक्यात होतं. कुणी मला सांगितलं होतं असंही नाही, आपली समजूत. सोसायटीत जो कुणी विचारी त्याला मी म्हणत असे, त्यांच्यात तशी पद्धत नसते. माझी सगळी बाजू त्या एका वाक्यावर उभी होती आणि ती एका ओट्यावर बसून तीन बायकांनी, माझ्यादेखत, काढून घेतली. मी देवळाबाहेर जाऊन बूट घालत बसले. नाड्या बांधायला मी बराच वेळ घेतला.

शेवटी किल्ला. बेलापूरला किल्ला आहे हे नवी मुंबईत फारसं कुणी मनावर घेत नाही. रिक्षावाला म्हणाला, "किल्ला? मॅडम, सेक्टर सांगा." सेक्टर मला माहीत नव्हता. दोनदा विचारत, एकदा चुकत पोचलो. मी साताऱ्याकडची. किल्ला म्हटलं की मान वर करायची सवय. इथं मान वर करावी लागली नाही. झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेला एक बुरूज, थोडी पडकी भिंत, चहूबाजूंनी इमारती आणि त्यांच्या फटीतून खाडी. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळ्यांनी पाळीपाळीनं घेतला आणि मग कुणालाच नको झाला. मला लाज वाटली. विहीणबाईंना मात्र तो आवडला. त्यांनी दगडाला तळवा लावला आणि तसाच ठेवला. त्यांच्याकडच्या टेकाडात कोण पुरलंय ते नक्की कुणालाच माहीत नाही, तरी दरवर्षी सगळे जातात, असं त्या म्हणाल्या.

सावलीत बसून डबे सोडले. त्यांनी माझ्याच स्वयंपाकाच्या ओट्यावर, माझ्याच तांदळाचे, समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळलेले भाताचे गोळे केले होते. माझी धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी होती. दोन्ही डबे मध्ये ठेवून आम्ही खायला लागलो. दोन धपाटी झाल्यावर मी विषय काढला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, हॉस्पिटल जवळ आहे. डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत. मालिशवाली बाई सांगून ठेवली आहे, डिंकाचे लाडू मी स्वतः करणार आहे. मुलगा इथं आहे, बापानं बाळाजवळ असायला नको का? तुम्ही इथंच राहा पाहिजे तर, आम्हाला जड नाही.

सुनेनं सगळं सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, मग हळूहळू बोलल्या. त्यांचे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. लेक एकच. तिची खोली त्यांनी झाडूनपुसून ठेवली आहे. दवाखाना त्यांच्याही घराजवळ आहे, लेक जन्मली तोच. जावयानं रजा काढून यावं. तुमचे लाडू कसे करायचे ते शिकवा, मी करीन.

सून तिकडचं इकडं आणि इकडचं तिकडं करत होती. तिच्या हातातला भाताचा गोळा अर्धाच राहिला होता. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा तिनं हात वर केला.

"दोगी बी थांबा."

हे ती मराठीत म्हणाली आणि लगेच तिच्या भाषेतही म्हणाली.

"मला कुणी इचारलंच न्हाय," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "आत्या, मला आईकडं जायाचंय. कळा याया लागल्या की मी मराठीत कशी वरडू?"

मला राग आला. दोन वर्षं जिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं ती एका वाक्यात मोकळी झाली, असं वाटलं. मी तिला उत्तर द्यायला शब्द जुळवत होते आणि जुळवता जुळवता मला माझी पहिली वेळ आठवली. आमच्या गावी, आईच्या घरी. मी काय काय ओरडले होते! नवऱ्याचा, सासूचा, सासरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आईनं त्यातलं अवाक्षर कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या जागी सासू असती तर मी दात आवळून पडून राहिले असते.

"जा," मी म्हटलं.

सून आईकडं वळली आणि बोलायला लागली. ती बोलतच राहिली. विहीणबाई मध्येच माझ्याकडं बघत, पुन्हा तिच्याकडं बघत. मग त्या उठल्या, मांडीवरचं खरकटं झटकलं आणि माझ्यासमोर कमरेत खाली वाकल्या. बराच वेळ वर आल्या नाहीत. मला कळेना की आपणही उठून वाकायचं का. मी बसल्याबसल्या हात जोडले.

"अगं, मी एकच शब्द बोलले," मी सुनेला म्हटलं. "तू एवढं काय सांगितलंस?"

"सांगितलं की आत्या म्हंत्यात, गनपतीच्या आदी मी स्वतः न्यायला येनार. बाळ आमचं बी हाय. एक दिस उशीर चालायचा न्हाय."

"मी कधी म्हणाले?"

"म्हनाला न्हाय." तिनं उरलेला भाताचा गोळा तोंडात टाकला. "पर म्हनायचं हुतं न्हवं?"

मी डबे आवरले. विहीणबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली, मी ती सोडली. रिक्षा मिळायला वेळ लागला. तिघी मागं बसलो, सून मध्ये. नेरूळ आलं. मग मी तिला विचारलं, पासपोर्टचा फोटो साडीवर चालतो का.