शेंदूर फासलेला दगड

लंकेत नारळांना काय तोटा? तरी आम्ही दोघे माजी सैनिक धुळ्याहून एक नारळ घेऊन आठ वर्षांनी त्या छावणीत परत गेलो. शांतिसेनेत असताना आमचा पारोळ्याचा दोस्त तिथल्या फाटकापाशी सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. त्याच्या आईनं बजावलं होतं, "हाऊ नारळ तठेच फोडजो, भाऊ."

तो पडला तिथं आम्ही तेव्हा शेंदूर फासून एक दगड उभा केला होता. नाव कोरलं नाही. म्हटलं, नाव आपली माणसं गावाकडे कोरतीलच. काय खुळे होतो आम्ही! जिल्ह्याच्या कचेरीत शहिदांच्या स्तंभासाठी त्याचं नाव द्यायला गेलो, तर तिथले साहेब मानही वर न करता म्हणाले, "ते कुठं युद्ध होतं?" मग तो काय लंका बघायला गेला होता?

छावणी आता तिथल्या सैन्याकडे होती. दगड जागेवरच होता, धुतलेला, वर जास्वंदीचं ताजं फूल. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, रोज मीच वाहतो. आम्ही नारळ फोडला. त्यानं खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "याचं नाव काय?"

आठ वर्षांत त्याचं नाव विचारणारा तो पहिला सरकारी माणूस. आणि तोही दुसऱ्या सरकारचा.