आक्काचा मधला सूर

सन २०२३ ची गोष्ट. मी तेव्हा शहात्तर वर्षांचा होतो. आधीच सांगून ठेवतो – भूत, भानामती, करणी असलं काही मी उभ्या जन्मात मानलं नाही. वाडीतल्या ज्या चिंचेखालून माणसं भरदुपारी जायला भीत, तिथं मी पटका उशाला घेऊन झोपा काढल्यात. प्रभूला मानतो, डॉक्टरला त्याहून कमी मानतो, बाकी कोणाला नाही. शाळा तिसरीपर्यंत. मी वहीत लिहितो आणि सूनबाई रूथ ते मोबाईलवर उतरवते. शुद्धलेखन तिचं, बोलणं माझं.

श्रीरामपुराहून नेवाशाकडे जाताना आमची वाडी लागते. तिथं आमचं पत्र्याचं चर्च, आणि चर्चमध्ये उजव्या अंगाचा पहिला बाक माझा. चाळीस वर्षं दर रविवारी मी तिथं वाजवलं – आधी पेटी, मग छोटा कीबोर्ड. शेजारी उभी राहून माझी थोरली बहीण मार्था गायची. तिला सगळी मंडळी आक्का म्हणायची.

आता आक्काचा सूर सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. प्रत्येक गाणाऱ्याची पेटीवर एक पट्टी असते. आक्काला कुठलीच बसायची नाही. काळी चार दिली की म्हणायची, "खाली हाय." लगतची पांढरी सहा दिली की, "वर हाय. मधलं दे." आता मधलं कुठून देऊ? त्या दोन पट्ट्यांच्या मधे पट्टीच नसते! शेवटी श्रीरामपूरच्या एका कारागिराकडून पेटीचे सगळे सूर घासून थोडे उतरवून आणले. पुढं कीबोर्ड घेतला, त्याच्या मागं एक बारका स्क्रू होता. तो पिळून तसंच केलं आणि वर सुतार फटी बुजवायला वापरतात ती लांबी भरली, कोणी हात लावू नये म्हणून. अशी आमची अख्खी मंडळी इतकी वर्षं साऱ्या जगापेक्षा अर्धं बोट खाली गात आली. कोणाला पत्ता नव्हता. असता तरी काय बिघडलं असतं...

आक्का २०२१ ला गेली. त्यानंतर दोन वर्षांनी नवे पाळक साहेब आले. पाळकीणबाई संगीत शिकलेल्या, गिटार वाजवायच्या. पहिल्याच रविवारी त्यांची गिटार आणि माझा कीबोर्ड म्हणजे एका जुवाला दोन गावचे बैल. उपासना सुटल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "काका, तुमचा कीबोर्ड उतरलाय."

"तुमची गिटार चढली आसंल," मी म्हणालो.

माणसं हसली. पाळक साहेब हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं – कापणीच्या सणाला नवीन वाद्य पाहिजे, सुरात पाहिजे. काकांना जमलं तर उत्तमच. नाहीतर काकांनी आता विश्रांती घ्यावी, बाई वाजवतील. मंडळी वर्गणी काढायला तयार होती, ती मी नको म्हणालो. वाद्य माझं मी आणणार होतो. बाक सोडणार नव्हतो.

रूथच्या स्कूटीवर मागं बसून नगरला गेलो. दुकानात वीसेक कीबोर्ड मांडलेले. दुकानदार भला माणूस, पण बोलायला लागला की थांबेना. एक चांगला लांबलचक होता, पण स्कूटीवर बसेना. एकात कुत्रं भुंकल्याचाही आवाज होता. मी म्हणालो, कुत्रं घरी आहे. शेवटी एकसष्ट पट्ट्यांचा एक काढला. त्यात पेटीचा आवाज चांगला, लाईट गेली तर सेलवर चालतो, आणि हलकं दाबलं की हलकं वाजतं, जोरात दाबलं की जोरात. हे मला फार आवडलं. जुन्यावर कसंही दाबा, एकच ओरडणं.

पण सूर वर. दुकानातल्या सगळ्यांचाच वर. दुकानदार म्हणाला, "काका, हा सूर सगळ्या जगात एकच असतो. खाली करायचाच असेल तर आत सोय आहे," आणि त्यानं दाखवलं. एक बटण दाबायचं, पडद्यावर नंबर येतो, मग दुसरं बटण दाबत दाबत हवं तिथपर्यंत जायचं. सात-आठ वेळा दाबावं लागतं.

मी रूथकडं पाहिलं. तिनं आधीच ओळखलं होतं.

"मामा, आजिबात न्हाई. सुरात पायजे म्हणून सांगितलंय ना? खाली आणला तर बाक गेला म्हणून समजा."

सुनेचं मी तेवढं एकदाच ऐकलं. जगाचा सूर तसाच ठेवून घरी आणला. पंधरा दिवस त्यावर हात बसवला. मनातून मात्र वाटायचं, दुसऱ्याच्या घरात जेवतोय.

कापणीचा सण रविवारी सकाळी होता. चर्चमध्ये बाजरीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या, आणि पाय बांधलेला एक कोंबडा. उपासना झाली की या सगळ्याचा तिथंच लिलाव होतो. सुरुवातीच्या दोन गाण्यांत गिटार आणि कीबोर्ड एकजीव झाले. पाळकीणबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. पाळक साहेबही खूश. मी छाती पुढं काढून बसलो होतो, हे कबूल करतो.

मग अर्पणाचं गाणं. लोक एकेक करून आपला माल पुढं आणून ठेवतात, तेव्हाचं. हे गाणं आक्का उचलायची. ती गेल्यापासून लोक ते तोंडातल्या तोंडात म्हणायचे. पहिलं कडवं तसंच पुटपुटत गेलं. दुसऱ्या कडव्याला मी पांढरी सहा दाबली... आणि कीबोर्ड खाली बोलला. काळी चार नाही, पांढरी सहाही नाही. मधलं.

कोणी शेजारी उभं होतं, गार वारा आला, असं काही झालं नाही. खोटं कशाला सांगू. माझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. पुढच्या पट्ट्याही तशाच उतरलेल्या. मनात म्हणालो – गेला आपला बाक! पलीकडं गिटार करकरली आणि पाळकीणबाईंनी तारांवरून हात उचलला.

आणि मंडळी गायला लागली. दोन वर्षं पुटपुटणारी माणसं छाती भरून गायला लागली. त्यांना काही कळलंच नव्हतं, त्यांच्या गळ्याला ते बरोबर बसलं एवढंच. कोंबडासुद्धा ओरडायचा थांबला. मी वाजवत राहिलो. दुसरं काय करणार.

पुढचं गाणं लागलं आणि सूर जिथल्या तिथं, जगाच्या जागेवर.

उपासना सुटल्यावर पाळकीणबाई मोबाईल घेऊन आल्या. त्यात सुराचा काटा असतो. पांढरी सहा दाबली, काटा बरोबर मधोमध. मग रूथनं सणाचं शूटिंग केलेलं होतं, ते त्याच काट्याला ऐकवलं. पहिल्या कडव्याला काटा मधोमध, दुसऱ्याला डावीकडं कललेला. बाई तीनदा ऐकत बसल्या.

"काका, तुम्ही काही दाबलं का?"

"सात येळा कवा दाबू? हात काय चार हाईत का मला?"

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, आपोआप असं होत नाही, कोणाचा तरी हात लागला असेल. पाळक साहेबांनी बाकाचा विषय काढला नाही.

मला मात्र दिवसभर एकच वाटत होतं. आक्का माझ्यासाठी आली. माझी लाज राखायला, माझ्या हाताखाली. म्हणजे बाक मरेपर्यंत माझा. रूथला म्हणालो तर ती म्हणाली, "आक्का तुमची लाज कवापासून राखाया लागल्या? जल्मभर तर तुमच्या चुका काढीत हुत्या." तरी मी माझं सोडलं नाही. सोक्षमोक्षच लावायचा ठरवला. दुसऱ्याच्या हाताखाली सूर उतरणार नाही याची मला खात्री होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच कीबोर्ड सायकलच्या कॅरिअरला बांधून पाळक साहेबांच्या घरी गेलो. सलाम केला. बाई भाकरी थापत होत्या, हात धुऊन आल्या. दारातल्या ओट्यावर कीबोर्ड ठेवला आणि म्हणालो, "अर्पणाचं गाणं वाजवा. म्या हात लावनार न्हाई." आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

पहिलं कडवं गेलं. सूर जागेवर. मी मनात हसलो. दुसऱ्या कडव्याला बाईंनी पांढरी सहा दाबली आणि सूर उतरला. अगदी कालच्यासारखा, अर्धं बोट खाली.

बाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं.

का, कसं, ते आजही मला सांगता येत नाही. तेव्हाही आलं नसतं. पहिल्यांदा जरा लागलं मनाला, नाही असं नाही. बहीण माझी, आणि वाजवणारा कोण याचं तिला काहीच नव्हतं. मग हसूच आलं. मी ओट्यावर बाईंच्या शेजारी बसलो, मांडीवर ताल धरला आणि म्हणालो, "थांबू नका. फुडचं कडवं धरा. तितं आक्का जरा लांबवती, ते सांगतो."